दारूची दुकाने आणि महात्मा फुले

कसबा पेठ हे पुण्याचे मूळ गाव. तिथून गंज पेठेपर्यंतच्या वस्त्यांचा कारभार पाहणाऱ्या नगरपालिकेचे जोतिराव फुले १८७६ ते १८८२ या काळात सभासद होते. तेव्हा शहरात दारूची दुकाने वाढत होती. दारुड्याला नावे ठेवणे सोपे. जोतिरावांनी बोट ठेवले ते दुकानांवर. नगरपालिका आरोग्यावर खर्च करते आणि ही दुकाने तेच आरोग्य नासवतात, संसार धुळीला मिळवतात, तेव्हा त्यांच्यावर कर बसवा, असे पत्र त्यांनी १८ जुलै १८८० रोजी नगरपालिकेच्या समितीच्या अध्यक्षांना लिहिले. त्याच वर्षी व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतासाठी हजार रुपये उधळायचे ठरले, तेव्हा विरोध करणारे तेच एकटे निघाले!

१८८८ साली अर्धांगवायूने जोतिरावांचा उजवा हात गेला. डॉ. विश्राम रामजी घोले उपचाराला धावले. दारूने खंगलेल्या कष्टकऱ्याला असा डॉक्टर कुठला? पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले ते १९८६ साली, त्या पत्रानंतर १०६ वर्षांनी. आजही रोजंदारीवरचा माणूस उपचारासाठी महिनाभर दाखल झाला तर मजुरी बुडते, आणि घरच्या बाईने चूल कशावर पेटवायची?