हुजूरपागेच्या कमलताई

मोठ्या आतड्याचा कॅन्सर पसरलेल्या एका मावशींसोबत मी केमोला जाते. दोन-तीन औषधं एकदम देतात, म्हणजे आपल्यावर प्रयोगच की काय, अशी त्यांना धास्ती. मग मी त्यांना डॉ. कमल रणदिवेंची गोष्ट सांगते. १९१७ साली पुण्यात जन्मलेली ही हुजूरपागेची मुलगी. तिने डॉक्टर व्हावं ही वडिलांची इच्छा, पण कमलताई संशोधनात रमल्या. अमेरिकेत जाऊन पेशी काचेत वाढवायला शिकल्या आणि मुंबईत देशातली पहिली तशी प्रयोगशाळा उभारली. २००१ मध्ये त्या गेल्या. औषधांच्या जोड्या आधी अशा पेशींवर, मग प्राण्यांवर, मग संमती देणाऱ्या रुग्णांवर तपासतात. त्यानंतरच आपल्यापर्यंत येतात. हे ऐकलं, की मावशी सलाईनसाठी हात पुढे करतात.