क्रांतिसिंह नाना पाटील : बीडचे एक खासदार

मी तिसरीत असताना सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यात एका साखरशाळेत जात होते. आमचे घर कपिलधारजवळ, बालाघाटच्या डोंगरात. दिवाळी झाली की आईवडील कोयता बांधून कृष्णाकाठच्या फडावर जात आणि मलाही बरोबर नेत. त्या शाळेत ६ डिसेंबरला गुरुजींनी दोन फोटो मांडले. एक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा, तो मी लगेच ओळखला. दुसरा फेटा बांधलेल्या, भरघोस मिशांच्या एका शेतकऱ्याचा होता. हे क्रांतिसिंह नाना पाटील, यांचीही पुण्यतिथी आजच असते, असे गुरुजींनी सांगितले. हा माणूस इकडचा, आपला नव्हे, एवढेच त्या वेळी माझ्या मनाने घेतले.

दहा वर्षांनी, म्हणजे यंदा, राज्यशास्त्राच्या तासाला बीड लोकसभा मतदारसंघाच्या आजवरच्या खासदारांची यादी करायला सांगितली. यादीत १९६७ पुढे नाव होते नाना रामचंद्र पाटील. आपल्याकडे पाटील गावोगाव आहेत. गेवराईचे नाहीतर आष्टीचे कोणी असतील, असे समजून मी पुढे गेले. ग्रंथालयात चरित्र हाती आले तेव्हा कळले की हे तेच फोटोतले नाना पाटील. माझी मलाच लाज वाटली. आणि साताऱ्याकडचा हा माणूस बीडने का निवडला, हा प्रश्न मनातून जाईना.

नाना पाटलांचा जन्म ३ ऑगस्ट १९०० रोजी झाला. वाळवा तालुक्यातील येडे मच्छिंद्र हे त्यांचे गाव. हा सारा भाग तेव्हा सातारा जिल्ह्यात मोडत असे. मूळ आडनाव पिसाळ, पाटीलकीमुळे पाटील झाले. शिक्षण बेताचेच. तलाठ्याची नोकरी लागली होती. खेड्यात त्या काळी तलाठी म्हणजे केवढा मान! परंतु सत्यशोधक विचार कानावर पडलेले होते. १९३० साली कायदेभंगाची चळवळ सुरू झाली आणि त्यांनी नोकरीवर पाणी सोडले. पुढची बारा वर्षे तुरुंगात जाणे, सुटणे, सभा घेणे आणि पुन्हा तुरुंगात जाणे यांत गेली. खेडुतांच्या बोलीत, रोजच्या व्यवहारातील दाखले देत ते बोलत. त्यांच्या सभेला बायाबापड्या भाकरी बांधून येत असत असे सांगतात.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये पुढाऱ्यांची धरपकड झाली. नाना भूमिगत झाले ते १९४६ पर्यंत इंग्रजांच्या हाती लागले नाहीत. सरकारने त्यांना पकडून देणाऱ्याला बक्षीस लावले, घरदार जप्त केले. त्यांची मुलगी हौसाताई हीदेखील याच लढ्यात उतरली. याच काळात सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार उभे राहिले. जी. डी. लाड, नागनाथअण्णा नायकवडी, किसन वीर असे तरुण कार्यकर्ते त्यात होते आणि नाना त्यांचे दैवत होते. तुफान सेनेने १९४३ च्या जूनमध्ये शेणोलीजवळ सरकारी पैसा नेणारी रेल्वेगाडी अडवली. या प्रसंगाची हकिकत पुष्कळांना ठाऊक असते. मला मात्र प्रतिसरकारच्या न्यायदान मंडळांचे जास्त नवल वाटते. गावातील तंटे गावात मिटवायचे, सावकाराने गिळलेली जमीन सोडवायची, दरोडेखोर आणि इंग्रजांचे खबरे यांना शिक्षा करायची, दारू बंद पाडायची आणि लग्ने हारतुऱ्यांत, कमी खर्चात लावायची, अशी कामे ती करीत. प्रतिसरकारचे लोकांनी पत्री सरकार करून टाकले, कारण गुन्हेगाराच्या तळपायांवर काठ्या पडत. ही शिक्षा कठोर होती आणि तीत कधी अन्यायही झाला असेल. पण कोर्टाची पायरी ज्याला परवडत नाही त्याला दाराशी न्याय मिळाला, हे कसे विसरावे?

स्वातंत्र्यानंतर ते सत्तेच्या बाजूला गेले नाहीत. प्रथम शेतकरी कामगार पक्ष व नंतर कम्युनिस्ट पक्ष, असा त्यांचा मार्ग झाला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ते गावोगाव फिरले आणि १९५७ मध्ये साताऱ्यातून लोकसभेवर गेले. लोकसभेत मराठीतून भाषण करणारे पहिले खासदार म्हणून त्यांचा उल्लेख होतो. १९६२ मध्ये साताऱ्याने त्यांचे जुने सहकारी किसन वीर यांना काँग्रेसतर्फे निवडून दिले.

आता आपल्या बीडकडे वळू. सातारा मुंबई इलाख्यात होता. तिथे १९३७ आणि १९४६ साली प्रांतिक विधिमंडळाच्या निवडणुका झाल्या होत्या, मग मत देण्याचा अधिकार थोड्यांनाच का असेना. आपण निजामाच्या राज्यात होतो. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झाले आणि आपल्या खेड्यांतील सामान्य माणसाने पहिले मत दिले ते १९५२ साली. या पहिल्याच निवडणुकीत बीडने काँग्रेसला नाकारून रामचंद्र गोविंद परांजपे, म्हणजे अंबाजोगाईचे बाबासाहेब परांजपे यांना पाठविले. ते पीपल्स डेमॉक्रॅटिक फ्रंटचे उमेदवार होते. हैदराबाद राज्यात कम्युनिस्ट पक्षावर बंदी असल्याने डावी मंडळी या नावाने उभी होती. १९५६ मध्ये आपण मुंबई राज्यात आलो. १९५७ मध्ये रखमाजी धोंडिबा पाटील व १९६२ मध्ये द्वारकादास मंत्री हे काँग्रेसचे खासदार झाले. आणि १९६७ मध्ये नाना पाटील.

त्या निवडणुकीत महाराष्ट्रातील बहुतेक जागा काँग्रेसने जिंकल्या होत्या. मुंबईतून डांगे निवडून आले, पण तिथे गिरण्या आणि कामगार होते. बीडला एकही गिरणी नव्हती. होती ती कोरडवाहू जमीन आणि डोक्यावर सावकाराचे देणे. मग सहासष्ट वर्षांच्या, परक्या जिल्ह्यातील माणसाला इथल्या लोकांनी मते का दिली? पुस्तकात याचे सरळ उत्तर सापडले नाही म्हणून मी आजोबांना विचारले.

आजोबा आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांना अक्षरओळख नाही. नाना पाटील म्हटल्यावर त्यांना काही आठवेना. मग मी पत्री सरकार हा शब्द उच्चारला आणि ते उठून बसले. कणीस-विळ्यावर शिक्का मारल्याचे त्यांना पक्के आठवते. सावकाराला धडा शिकवणारा म्हातारा आहे, एवढे यात्रेत, बाजारात कानोकानी आले होते. त्याची जात कोणती, गाव कोणते, हे तुम्ही विचारले नाही का, असे मी म्हटले. त्यांना माझ्याच प्रश्नाचे आश्चर्य वाटले. एका आजोबांच्या आठवणीवरून साऱ्या जिल्ह्याचा निष्कर्ष काढू नये, हे मलाही समजते. परंतु आज उमेदवाराचे नाव कळण्याआधी आपण त्याची जात विचारतो, हे कोण नाकारील?

नानांना बीडची पुरती पाच वर्षेही मिळाली नाहीत. १९७० च्या डिसेंबरात लोकसभा विसर्जित झाली आणि १९७१ मध्ये काँग्रेसचे सयाजीराव पंडित आले. लगेच १९७२ चा दुष्काळ पडला. त्यानंतर आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्यांची रीघ वाढतच गेली. ज्या कृष्णाकाठाहून नाना आपल्याकडे आले, त्याच कृष्णाकाठी आपली माणसे उचल फेडायला जाऊ लागली. उचल कागदावर फिटते, पण पुढच्या हंगामाला पुन्हा घ्यावीच लागते. आमच्या घरी तरी असेच आहे. फडावर गेलेल्यांची कपिलधारची कार्तिकी पौर्णिमेची यात्रा चुकते, मन्मथस्वामींच्या समाधीचे दर्शन चुकते. २०२४ ची विधानसभेची निवडणूक २० नोव्हेंबरला आली, तेव्हा आईवडील फडावरच होते. त्यांचे मत राहिले ते राहिलेच.

६ डिसेंबर १९७६ रोजी नाना पाटील वारले. देशात तेव्हा आणीबाणी होती. त्यांच्या इच्छेप्रमाणे वाळव्याला अंत्यसंस्कार झाले. पुढच्याच मार्चमध्ये निवडणूक लागली आणि बीडने पुन्हा डाव्या पक्षाचा माणूस दिल्लीला पाठविला. ते मार्क्सवादी पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे.

यंदाही आईवडील तिकडेच आहेत. वाळव्याला जाणे झाले तर नानांची समाधी पाहून ये, असे मी आईला फोनवर सांगितले आहे. तो आपला खासदार होता हे ऐकून ती हसली. फडावरून एक दिवसाची सुट्टी मिळाली तर जाईन म्हणाली.