ॲप खऱ्या फोनवर आहे की नकली? ॲलन ट्युरिंग यांची गोष्ट

संध्याकाळी शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलात की काय करता? फोन काढता, बँकेचं ॲप उघडता. लगेच उघडतं. पण तेच ॲप घरी लॅपटॉपवर एम्युलेटरमध्ये टाकून बघा, बऱ्याचदा ते चालायलाच नकार देतं. आपण खऱ्या फोनवर नाही आहोत, हे त्याला कसं कळतं? शीळफाट्यावरून जो रस्ता महापेकडे जातो, तिथल्या डेटा सेंटरमध्ये तर एकेका सर्व्हरच्या पोटात कितीतरी व्हर्च्युअल मशीन चालतात. या सगळ्याचं मूळ एका माणसाच्या डोक्यात सापडतं, आणि तेही कॉम्प्युटर बनण्याआधी.

ॲलन ट्युरिंग यांचा जन्म २३ जून १९१२ चा, लंडनचा. वडील मद्रास इलाख्यात आयसीएस अधिकारी. आईचा जन्म तर पोदनूरचा, म्हणजे कोइंबतूरजवळचा, कारण आजोबा मद्रास रेल्वेत इंजिनिअर होते. आईवडील नोकरीसाठी भारतात आणि दोन्ही मुलं इंग्लंडमध्ये दुसऱ्याच कुटुंबाकडे, असं ॲलनचं बरंचसं बालपण गेलं.

केंब्रिजला शिकून १९३६ मध्ये, जेमतेम चोविसाव्या वर्षी, त्यांनी एक शोधनिबंध लिहिला. त्यात एक काल्पनिक यंत्र होतं: लांबच लांब पट्टी, तिच्यावरची चिन्हं वाचणारं-लिहिणारं डोकं आणि नियमांचा तक्ता. खरी गंमत पुढे आहे. एका यंत्राचा तक्ताच दुसऱ्या यंत्राच्या पट्टीवर लिहून दिला, तर दुसरं यंत्र हुबेहूब पहिल्यासारखं वागू शकतं. यालाच युनिव्हर्सल मशीन म्हणतात. तुमच्या लॅपटॉपमधला एम्युलेटर दुसरं काय करतो? उत्तर तेच येतं. फक्त पावलं जास्त लागतात. ही जास्तीची पावलं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

महायुद्ध सुरू झाल्यावर ट्युरिंग ब्लेचली पार्कला गेले. जर्मनांचं एनिग्मा यंत्र फोडायला त्यांनी बॉम्ब नावाचं यंत्र आखलं. (फुटणारा नव्हे!) अशा एका बॉम्बमध्ये ३६ एनिग्मांची नक्कल एकाच वेळी फिरायची. म्हणजे यंत्राच्या आत यंत्र, तेही १९४० मध्ये.

मला सगळ्यात आवडतो तो बुद्धिबळाचा किस्सा. युद्धानंतर त्यांनी मित्रासोबत बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम लिहिला, पण तो चालवायला मशीन नव्हतं. मग १९५२ मध्ये ट्युरिंग स्वतःच मशीन झाले! कागदावर एकेक नियम पाळत ते ॲलिक ग्लेनी यांच्याशी खेळले. एकेका चालीला सुमारे अर्धा तास लागायचा आणि शेवटी प्रोग्राम हरला. चाली प्रोग्रामच्याच होत्या, पण घड्याळ बघणाऱ्याला लगेच कळलं असतं की आत कॉम्प्युटर नाही.

आजही हेच होतं. प्रोसेसरला त्याची माहिती विचारणारी सीपीयूआयडी नावाची सूचना असते. खऱ्या मशीनवर तिचं उत्तर झटकन मिळतं. व्हीएममध्ये मात्र मध्येच हायपरवायझर जागा होतो, उत्तर तयार करतो आणि मग काम पुढे सरकतं. तेवढा वेळ मोजला की संशय येतो. शिवाय त्या उत्तरातला एक ठरावीक बिट बहुतेक हायपरवायझर स्वतःहूनच १ करून ठेवतात, म्हणजे दारावर पाटीच लावल्यासारखं. फोनचं ॲप आणखी खुणा बघतं: हार्डवेअरचं नाव, सेन्सर. हातातला फोन थोडा तरी हलतोच, आणि शीळच्या रस्त्यावर तर विचारूच नका. एम्युलेटरमधला सेन्सर मात्र दगडासारखा गप्प असू शकतो. अर्थात खोटं हलणं दाखवता येतं, घड्याळही फसवता येतं. म्हणून ही चोर-पोलिसांची शर्यत संपत नाही. त्यात व्हायरसही सामील आहेत. अँटीव्हायरसवाले त्यांना व्हीएममध्ये कोंडून तपासतात, आणि व्हीएमचा वास आला की काही व्हायरस साळसूद बनून बसतात. बाहेर तुमच्या मशीनवर आले की मग रंग दाखवतात.

१९५० मध्ये ट्युरिंग यांनी माणूस आणि यंत्राबद्दलही असाच प्रश्न मांडला: पलीकडे कोण आहे ते दिसत नसेल, तर फक्त लेखी उत्तरांवरून ओळखता येईल का?

त्यांचं स्वतःचं आयुष्य मात्र फार वाईट पद्धतीने तपासलं गेलं. घरी चोरी झाली म्हणून ते पोलिसांकडे गेले, आणि चौकशीत त्यांचे समलिंगी संबंध उघड झाले. तेव्हा इंग्लंडमध्ये तो गुन्हा होता. १९५२ मध्ये शिक्षा झाली. तुरुंग टाळायला हार्मोनचे उपचार घ्यावे लागले आणि सरकारी गुप्त कामाची दारंही बंद झाली. युद्धात त्यांनी काय केलं होतं, हे तेव्हा कोर्टात सांगायचीही सोय नव्हती. ७ जून १९५४ ला विल्म्सलो इथल्या घरी सायनाइडमुळे त्यांचा मृत्यू झाला. वय होतं ४१.

माफी मिळाली २०१३ मध्ये, राणीकडून. २३ जून २०२१ ला ५० पौंडांच्या नोटेवर त्यांचा फोटो आला आणि त्याच नोटेवर १९३६ च्या त्या निबंधातला तक्ताही छापलेला आहे.