प्रोस्पेर मेनिएर

प्रोस्पेर मेनिएर (१८ जून १७९९, आंझे – ७ फेब्रुवारी १८६२, पॅरिस) हे फ्रेंच वैद्य व कर्णरोगतज्ज्ञ होते. कानात आवाज येणे, ऐकू कमी येणे व त्यासह चक्कर येणे या विकाराचे मूळ मेंदूत नसून अंतर्कर्णात असते, असे त्यांनी १८६१ मध्ये मांडले. हा विकार आज मेनिएरचा आजार म्हणून ओळखला जातो.

जीवन

मेनिएर यांचा जन्म फ्रान्समधील आंझे येथे झाला. वैद्यकाचे शिक्षण तेथे सुरू करून ते पुढे पॅरिसला गेले. १८२८ मध्ये त्यांना वैद्यकाची पदवी मिळाली. ओतेल-द्यू या रुग्णालयात त्यांनी प्रख्यात शल्यचिकित्सक द्युपुइत्राँ यांच्या हाताखाली काम केले. १८३० च्या जुलै क्रांतीत जखमी झालेल्यांवर तेथे झालेल्या उपचारांचा वृत्तांत त्यांनी लिहिला. १८३३ मध्ये ब्ले येथील किल्ल्यात कैदेत असलेल्या गर्भवती डचेस द बेरी यांच्या देखरेखीसाठी शासनाने त्यांना पाठविले. तेथील त्यांची दैनंदिनी त्यांच्या मृत्यूनंतर, १८८२ मध्ये प्रसिद्ध झाली.

१८३८ मध्ये ईतार यांच्या निधनानंतर पॅरिसच्या मूकबधिर संस्थेचे वैद्य म्हणून मेनिएर यांची नेमणूक झाली आणि अखेरपर्यंत ते त्या पदावर राहिले. जर्मन कर्णरोगतज्ज्ञ क्रामर यांच्या ग्रंथाचे त्यांनी फ्रेंच भाषांतर केले. लॅटिन कवींच्या काव्यातील वैद्यकविषयक उल्लेखांवरही त्यांनी ग्रंथ लिहिला.

चक्करेविषयीचे संशोधन

त्या काळी अचानक चक्कर येऊन पडणाऱ्या, उलट्या होणाऱ्या रुग्णाच्या मेंदूत रक्त साचले आहे, असे समजले जाई. त्यामुळे रक्त काढणे, जळवा लावणे व जुलाब देणे असे उपचार केले जात. आधीच गळून गेलेला रुग्ण त्यांनी अधिकच दुबळा होई. मूकबधिर संस्थेत व खाजगी व्यवसायात असे रुग्ण पाहताना मेनिएर यांच्या लक्षात आले, की चक्करेचा झटका ओसरल्यावर यांपैकी अनेकांना ना पक्षाघात होतो, ना त्यांची बुद्धी मंदावते. मात्र त्यांची श्रवणशक्ती क्षीण होत जाते.

फ्लुराँस यांनी कबुतरांच्या कानातील अर्धवर्तुळाकार नलिका छेदल्यावर पक्ष्यांचा तोल जातो, हे पूर्वीच दाखविले होते. मेनिएर यांनी या प्रयोगांची रुग्णांच्या लक्षणांशी सांगड घातली. हिवाळ्यात रात्रीचा प्रवास केल्यावर एका तरुणीस अचानक बहिरेपणा व चक्कर सुरू झाली आणि पाचव्या दिवशी ती मरण पावली. शवविच्छेदनात मेंदू निर्दोष आढळला. अर्धवर्तुळाकार नलिकांत मात्र लालसर द्रव्य होते. तिला रक्ताच्या कर्करोगासारखा निराळाच आजार असावा, असे पुढील काही अभ्यासकांचे मत आहे. परंतु मेनिएर यांचा मुख्य निष्कर्ष टिकून राहिला.

८ जानेवारी १८६१ रोजी त्यांनी पॅरिसच्या वैद्यक अकादमीत आपला निबंध वाचला. त्याचे तत्काळ स्वागत झाले नाही. पुढच्याच वर्षी ते निवर्तले. आपल्या मताला मिळालेली मान्यता पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

उपचारांची वाटचाल

मेनिएर यांनी या विकारावर औषध शोधले नाही. रोगाचे स्थान दाखविल्यामुळे मात्र घातक उपचारांचा आधारच गेला. त्यानंतर शार्को यांनी क्विनीन वापरून पाहिले. १९३८ मध्ये अशा रुग्णांच्या अंतर्कर्णातील द्रव वाढून पडदे फुगलेले असतात, असे इंग्लंड व जपानमधील संशोधकांनी दाखविले.

आज झटक्याच्या वेळी प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन यांसारखी औषधे देतात. ती चक्कर व मळमळ दाबतात. परंतु दीर्घकाळ घेतल्यास बिघडलेला तोल सावरण्याची मेंदूची नैसर्गिक क्रिया मंदावू शकते. झटके टाळण्यासाठी बेटाहिस्टीन मोठ्या प्रमाणावर दिले जाते. ते अंतर्कर्णातील रक्तप्रवाह वाढवते असे मानतात. तथापि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २२१ रुग्णांवरील जर्मन चाचणीत बेटाहिस्टीन घेणारे व औषधविरहित गोळी घेणारे अशा सर्वच गटांत झटके कमी झाले. त्यांच्यात लक्षणीय फरक आढळला नाही. हा आजार स्वभावतःच कमीजास्त होत असल्याने एखाद्या औषधाचा गुण पारखणे कठीण जाते. रोगाचे स्थान ठरून दीडशेहून अधिक वर्षे लोटली, तरी त्याला समूळ बरे करणारे औषध अद्याप सापडलेले नाही.