कॅन्सरची गाठ परत परत येत होती, तरी रमण महर्षी शांत कसे राहिले?

१९४९ चा फेब्रुवारी महिना. तिरुवन्नामलैच्या आश्रमात रमण महर्षींच्या डाव्या कोपराजवळची छोटी गाठ डॉक्टरांनी काढली. किरकोळ वाटलेली ही गाठ महिनाभरात परत आली. तपासणीत कळलं, हा सार्कोमा आहे, म्हणजे कॅन्सर.

डॉक्टरांनी हात कापायचा सल्ला दिला. महर्षी नाही म्हणाले, पण बाकी उपचार घेतले. त्या वर्षात चार ऑपरेशन्स झाली, रेडियमही लावलं. भक्त रडायचे आणि महर्षीच त्यांची समजूत काढायचे.

मग त्यांना दुखत नव्हतं का? दुखत होतं, आणि ते त्यांनी नाकारलंही नाही.

याचं मूळ १८९६ मध्ये आहे. मदुराईत काकांकडे राहणाऱ्या १६ वर्षांच्या वेंकटरमणला एके दिवशी, आजार नसताना, अचानक मरणाची भीती वाटली. घाबरून कोणाला हाक मारण्याऐवजी तो जमिनीवर ताठ पडून राहिला आणि शरीर मेलं तर नेमकं कोण मरतं, याचा शोध घेऊ लागला. शरीर म्हणजे मी नाही, हे तेव्हा त्याला पक्कं उमगलं. काही आठवड्यांत तो घर सोडून तिरुवन्नामलैला आला, तो कायमचाच.

५३ वर्षांनी तीच समज कामी आली. वेदना शरीराला होती, पण त्यावर ‘माझ्याच वाट्याला का?’ हे दुःख त्यांनी चढवलं नाही.

१४ एप्रिल १९५० ला रात्री ते गेले. त्या संध्याकाळीही त्यांनी दर्शनाची रांग थांबवू दिली नव्हती.