वाटाण्याच्या वाफ्यातील संशोधक : ग्रेगोर मेंडेल

ग्रेगोर मेंडेल यांचे नाव आज विज्ञानाच्या बहुतेक शालेय पुस्तकांत आढळते. आनुवंशिकीचा पाया त्यांनी घातला, असे आपण वाचतो. परंतु शिक्षकाच्या पात्रता-परीक्षेला दोन वेळा बसूनही ते उत्तीर्ण होऊ शकले नव्हते, आणि त्यांच्या संशोधनाचे मोल जगाला उमगले तेव्हा त्यांना जाऊन सोळा वर्षे लोटली होती, ही हकिकत मात्र फारशी सांगितली जात नाही.

त्यांचा जन्म १८२२ च्या जुलै महिन्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. मूळ नाव योहान. त्यांचे हायन्झेनडॉर्फ हे खेडे त्या वेळी ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते. आज तो प्रदेश चेक प्रजासत्ताकात आहे. वडील अंटोन हे कष्टाळू गृहस्थ होते. स्वतःची शेती असूनही आठवड्यातून तीन दिवस जमीनदाराच्या शेतावर वेठीने राबणे त्यांना बंधनकारक होते. उरलेल्या वेळात ते फळझाडे जोपासत. गावच्या धर्मगुरूंना फळझाडांवर कलमे बांधण्याची आवड होती आणि गावच्या शाळेतही मुलांना बागकामाचे धडे मिळत. योहानला झाडापेरांची ओळख झाली ती अशी, पुस्तकाच्या आधी मातीतून.

मुलगा हुशार आहे, असे शिक्षकांनी सुचवल्यावर आईवडिलांनी त्याला १८३४ मध्ये ओपावा येथील माध्यमिक शाळेत पाठवले. वसतिगृहाच्या पूर्ण जेवणाचे पैसे भरण्याची ऐपत नसल्याने त्याला अर्ध्या जेवणावर भागवावे लागे. गावाकडून येणाऱ्या गाडीवानाबरोबर आई पाव आणि लोणी पाठवी. १८३८ मध्ये वेठीचे काम करत असताना वडिलांच्या अंगावर झाडाचा ओंडका कोसळला आणि ते जन्माचे जायबंदी झाले. घरून येणारी मदत बंद झाली. सोळा वर्षांचा योहान शिकवण्या करून स्वतःचे पोट भरू लागला. अपुरे अन्न आणि पुढची चिंता यांमुळे तो आजारी पडला व काही महिने त्याला घरी परतावे लागले.

पुढे वडिलांनी शेत मोठ्या जावयाच्या नावे करून दिले. ओलोमोत्स येथे उच्च शिक्षण घेण्यासाठी पैसे नव्हते. त्या वेळी थेरेसिया ही धाकटी बहीण पुढे आली. लग्नासाठी राखून ठेवलेल्या आपल्या हिश्श्यातील काही रक्कम तिने भावाच्या हाती ठेवली. हे ऋण योहान विसरला नाही. पुढे चांगले दिवस आल्यावर बहिणीच्या तीनही मुलांच्या शिक्षणाचा भार त्याने उचलला. विज्ञानाच्या इतिहासात थेरेसियाचे नाव क्वचितच येते. ते यायला हवे.

ओलोमोत्सचे शिक्षण संपले तेव्हा पुन्हा तोच प्रश्न उभा राहिला : आता पोटापाण्याचे काय? भौतिकशास्त्राचे प्राध्यापक फ्रीडरिश फ्रान्झ यांनी ब्रनो शहरातील ऑगस्टिनियन मठासाठी त्याची शिफारस केली. १८४३ मध्ये योहान त्या मठात दाखल झाला आणि त्याला ग्रेगोर हे नवे नाव मिळाले. हा मठ केवळ प्रार्थनेचे ठिकाण नव्हता. तेथे मोठे ग्रंथालय होते, बाग होती, तत्त्वज्ञान आणि संगीत यांचे जाणकार होते. ब्रनो हे लोकरी कापडाचे शहर. चांगल्या लोकरीची मेंढी कशी निपजते, हा तेथील व्यापाऱ्यांचा व मेंढपाळांचा रोजचा प्रश्न होता. मठाधिपती सिरिल नाप यांनी तर १८३७ मध्येच मेंढीपालकांच्या सभेत असा प्रश्न मांडला होता, की आईबापांकडून पिल्लांकडे नेमके काय जाते आणि ते कसे जाते. पुढे मेंडेल यांनी शोधले ते याच प्रश्नाचे उत्तर.

रुग्णांच्या आणि मरणासन्न माणसांच्या सहवासात धर्मगुरूचे काम करणे मेंडेल यांच्या हळव्या मनाला झेपले नाही. नाप यांनी हे ओळखून त्यांना १८४९ मध्ये झ्नोयमो येथे बदली शिक्षक म्हणून पाठवले. वर्गात ते रमले. मात्र कायम नेमणुकीसाठी पात्रता-परीक्षा आवश्यक होती. १८५० मध्ये ते या परीक्षेत नापास झाले. मुख्यतः निसर्गविज्ञानाच्या विषयांतच त्यांचे उत्तर परीक्षकांना अपुरे वाटले! तरीही नाप यांनी त्यांना व्हिएन्ना विद्यापीठात शिकण्यासाठी पाठवले. तेथे १८५१ ते १८५३ या काळात ख्रिश्चन डॉप्लर यांच्याकडून त्यांनी प्रयोगाची शिस्त घेतली, तर फ्रान्झ उंगर यांच्याकडून वनस्पतींचा अभ्यास. गणिताची गोडीही तेथेच वाढली. १८५६ मध्ये ते पुन्हा परीक्षेला बसले. मात्र प्रकृती ढासळल्यामुळे ती अर्धवट सोडून परतले. यानंतर त्यांनी परीक्षेचा नाद सोडला. ब्रनोच्या शाळेत १८५४ पासून १८६८ पर्यंत, म्हणजे चौदा वर्षे, ते बदली शिक्षकच राहिले.

परीक्षेतून परतल्याच्या त्याच वर्षी, १८५६ मध्ये, मठाच्या आवारात सुमारे ३५ मीटर लांब आणि ७ मीटर रुंद अशा पट्टीवर मेंडेल यांचे वाटाण्याचे प्रयोग सुरू झाले.

वाटाणाच का? त्याला कारण होते. वाटाण्याचे फूल मिटलेले असते, त्यामुळे त्याच फुलातील परागकण त्याच फुलाच्या कुक्षीवर पडतात आणि वाण शुद्ध राहते. दोन वाणांचा संकर करायचा असेल, तर फूल उमलण्यापूर्वीच त्यातील पुंकेसर चिमट्याने काढून टाकायचे, दुसऱ्या झाडाचे पराग कुक्षीवर लावायचे आणि फुलावर पिशवी बांधायची. शिवाय पीक लवकर येते आणि दाणे मोजता येतात. मेंडेल यांनी ३४ वाण मिळवले आणि ते खरोखर शुद्ध आहेत की नाहीत, हे पाहण्यात दोन वर्षे घालवली. त्यानंतर त्यांनी सात लक्षणे निवडली. दाणा गोल की सुरकुतलेला, दाण्याचा आतील रंग पिवळा की हिरवा, झाड उंच की बुटके, अशी ही लक्षणे होती. प्रत्येक लक्षणाच्या दोनच बाजू होत्या. अधलेमधले काही नव्हते.

त्या काळी सर्वसाधारण समजूत अशी होती, की आईबापांचे गुण अपत्यात दुधात पाणी मिसळावे तसे मिसळतात. ‘खाण तशी माती’ असे आपणही म्हणतो. परंतु आईबाप दोघे गोरे असून मूल आजोबांसारखे सावळे का निघते, याचे उत्तर या समजुतीत मिळत नाही. एकदा मिसळलेले दूध आणि पाणी पुन्हा वेगळे कसे व्हावे?

मेंडेल यांनी गोल दाण्याचे आणि सुरकुतलेल्या दाण्याचे वाण एकत्र आणले. पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल आले. सुरकुती जणू नाहीशी झाली होती. हेच दाणे पेरून त्यांनी पुढची पिढी घेतली. २५३ झाडांवरून ७,३२४ दाणे मिळाले. त्यांतील ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले होते. म्हणजे सुरकुती नष्ट झालेली नव्हती, ती लपून बसली होती आणि सुमारे चार दाण्यांत एक या प्रमाणात परत आली होती. रंगाच्या प्रयोगात ६,०२२ पिवळे आणि २,००१ हिरवे दाणे निघाले. प्रमाण पुन्हा तेच : तीनास एक.

येथवर आणखी कोणी पोहोचला असता. संकरित झाडांत लपलेले गुण पुन्हा दिसतात, हे इतरांनीही पाहिले होते. मेंडेल यांचा मोठेपणा त्यांच्या पुढच्या पायरीत आहे. दुसऱ्या पिढीतील गोल दाणे सगळे दिसायला सारखेच. पण ते आतूनही सारखेच आहेत काय? हे पाहण्यासाठी त्यांनी त्यांतील दाणे पेरून ५६५ झाडे वाढवली. १९३ झाडांनी फक्त गोल दाणे दिले. ३७२ झाडांनी दोन्ही प्रकारचे दाणे दिले. याचा अर्थ तीन गोल दाण्यांपैकी एक शुद्ध गोल होता आणि दोन आपल्या पोटात सुरकुती बाळगून होते. बाहेरून तीनास एक दिसणारे प्रमाण आतून एकास दोनास एक असे होते.

यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा : प्रत्येक लक्षणासाठी झाडात दोन घटक असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून आलेला. परागकण किंवा बीजांड तयार होताना हे दोन घटक एकमेकांपासून वेगळे होतात आणि प्रत्येकात एकच जातो. कोणता जाईल, हे नाणे उडवल्यासारखे असते. गोल आणि सुरकुतीचा घटक एकत्र आले, तर गोलाचे चालते. तो प्रभावी, दुसरा अप्रभावी. पण अप्रभावी घटक मरत नाही, बिघडतही नाही. दोन अप्रभावी घटक पुन्हा एकत्र आले, की तो जसाच्या तसा प्रकट होतो. आकार आणि रंग ही दोन लक्षणे एकत्र तपासल्यावर त्यांना असेही दिसले, की ती एकमेकांना बांधलेली नसून स्वतंत्रपणे पुढे जातात.

हे सारे काम १८६३ पर्यंत चालले. सुमारे २८,००० झाडे त्यांच्या नजरेखालून गेली. आजच्या संगणकाच्या काळात हा आकडा मोठा वाटणार नाही. परंतु ही मोजदाद एका शिक्षकाने शाळा सांभाळून हाताने केलेली होती, हे ध्यानात घ्यावे.

८ फेब्रुवारी आणि ८ मार्च १८६५ या दोन दिवशी मेंडेल यांनी ब्रनोच्या निसर्गविज्ञान मंडळात आपला निबंध वाचला. श्रोत्यांनी ऐकून घेतले, पण त्यातून पुढे काही घडले नाही. वनस्पतींच्या अभ्यासात गणित कशासाठी, असे त्या काळच्या विद्वानांना वाटणे स्वाभाविक होते. १८६६ मध्ये निबंध छापून निघाला आणि मंडळाचा तो अंक शंभराहून अधिक संस्थांकडे गेला. मेंडेल यांनी निबंधाच्या ४० सुट्या प्रती काढून घेतल्या. एक प्रत म्युनिकचे नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल नेगेली यांना पाठवली. नेगेली यांनी पत्रव्यवहार ठेवला, पण निबंधाचे मर्म त्यांच्या लक्षात आले नाही. उलट ते स्वतः ज्या हॉकवीड नावाच्या पिवळ्या फुलांच्या वनस्पतीचा अभ्यास करत होते, तिच्यावर प्रयोग करण्याचा आग्रह त्यांनी धरला. ही वनस्पती बहुधा फलनाशिवायच बी धरते, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. साहजिकच वाटाण्याचे नियम तिथे दिसेनात. बारीक फुलांवर काम करून मेंडेल यांचे डोळे मात्र शिणले.

१८६८ मध्ये ते मठाधिपती झाले आणि संशोधनाचा वेळ कारभारात जाऊ लागला. १८७४ मध्ये मठांवर बसवलेल्या नव्या कराविरुद्ध ते अखेरपर्यंत शासनाशी झगडत राहिले. त्यांनी मधमाश्या पाळल्या, हवामानाच्या नोंदी ठेवल्या. ६ जानेवारी १८८४ रोजी मूत्रपिंडाच्या विकाराने त्यांचे निधन झाले. अंत्यविधीच्या वेळी प्रसिद्ध संगीतकार लिओश यानाचेक यांनी ऑर्गन वाजवला. शहराने एका सज्जन मठाधिपतीला निरोप दिला, शास्त्रज्ञाला नव्हे. त्यांचे बरेचसे कागदपत्र नंतर जाळून टाकण्यात आले.

१९०० साली हॉलंडचे ह्यूगो द व्रीस, जर्मनीचे कार्ल कोरेन्स आणि ऑस्ट्रियाचे एरिक फॉन चेरमाक यांनी आपापल्या प्रयोगांवर लिहिताना मेंडेल यांचा चौतीस वर्षांपूर्वीचा निबंध पुढे आणला. गंमत अशी, की यांतील कोरेन्स हे नेगेलींचेच विद्यार्थी. मेंडेल ज्याला घटक म्हणत होते, त्याला १९०९ मध्ये योहान्सेन यांनी ‘जीन’ हे नाव दिले. मराठीत आपण जनुक म्हणतो. एकाच जनुकाची गोल आणि सुरकुती अशी जी पर्यायी रूपे असतात, त्यांना अलील म्हणतात.

मग एकाच जनुकाची दोन रूपे मुळात आली कोठून? याचे उत्तर मेंडेल यांच्यापाशी नव्हते. आज आपल्याला माहीत आहे, की जनुक म्हणजे डीएनए या रेणूवरील एक लांबलचक मजकूर असतो. पेशी त्याची नक्कल करताना कधी एखादे अक्षर बदलते, गळते किंवा भलताच तुकडा मध्ये शिरतो. हा बदल म्हणजे उत्परिवर्तन. १९९० मध्ये इंग्लंडमधील संशोधकांनी सुरकुतलेल्या वाटाण्याचे कोडे उलगडले. पिष्ठ तयार करण्याच्या कामी येणाऱ्या एका जनुकात सुमारे ८०० अक्षरांचा उपरा तुकडा घुसलेला होता. त्यामुळे दाण्यात पिष्ठ कमी आणि साखर जास्त राहते. असा दाणा कोवळेपणी अधिक पाणी शोषतो आणि वाळल्यावर आक्रसतो. सुरकुतलेला वाटाणा चवीला गोड लागतो, त्याचेही कारण हेच. बुटक्या झाडाचे कारण १९९७ मध्ये सापडले : झाडाची वाढ करणारे संप्रेरक बनवणाऱ्या जनुकात अवघ्या एका अक्षराचा फरक.

माणसातही असेच घडते. गडचिरोली, नंदुरबार आणि मध्य भारतातील इतर आदिवासी भागांत आढळणारा सिकलसेल हा रक्ताचा आजार हिमोग्लोबिनच्या जनुकातील एका अक्षराच्या बदलामुळे होतो. बदललेला अलील आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच आला, तर माणूस केवळ वाहक असतो आणि सहसा त्याला त्रास होत नाही. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याच्या वेळी आजाराची शक्यता चारात एक असते. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन निरोगी निघतील, असा याचा अर्थ मुळीच नाही. नाणे दर वेळी नव्यानेच उडते. लग्नापूर्वी रक्ताची तपासणी करून घेण्याचा सल्ला दिला जातो, तो याच हिशोबावर. भारत सरकारने २०२३ मध्ये या आजाराच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू केली.

मेंडेल यांनी निवडलेल्या सात लक्षणांपैकी चारांची जनुके आधी कळली होती. उरलेल्या तिन्हींचा उलगडा वाटाण्याच्या शेकडो वाणांचे डीएनए तपासून २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. ब्रनोच्या त्या मठात आज मेंडेल यांचे संग्रहालय आहे आणि त्यांच्या जुन्या काचघराचा पाया बागेत अजूनही पाहता येतो.