दुकानातला फ्रीज इतकं बिल का खातो? उत्तर 1824 सालच्या एका पुस्तकात आहे

महाडच्या बाजारपेठेत माझ्या मामांचं किराणा दुकान आहे. दूध, दही, ताक, कोल्ड्रिंक ठेवायला काचेच्या दाराचा उभा फ्रीज. 22 जुलै 2021 ला सावित्रीचं पाणी शहरात शिरलं, त्यात जुना फ्रीज गेला. मामांनी कर्ज काढून नवा घेतला आणि पुन्हा पाणी आलं तर निदान थोडक्यात वाचावा म्हणून कमरेएवढा ओटा बांधून त्यावर चढवला. मागे आणि दोन्ही बाजूंना भिंत, वर फळ्यांचा पोटमाळा. त्यानंतर विजेचं बिल वाढलं आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी दूध नासायला लागलं.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर. साहजिकच माझं पहिलं उत्तर सॉफ्टवेअरचं होतं. तापमानाचा सेन्सर लावला, मोबाईलवर आलेख दिसेल अशी सोय केली. आलेख मस्त दिसायचा: दुपारी आत 11 अंश, कॉम्प्रेसर अखंड चालू. पण असं का होतंय, ते आलेख सांगत नव्हता. ते कळायला मला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी पाठ करून विसरलेल्या एका माणसाकडे जावं लागलं. त्याचं नाव सादी कार्नो. गंमत म्हणजे त्याने आयुष्यात कधी फ्रीज पाहिला नव्हता.

इंजिनिअरचा मुलगा

सादीचा जन्म 1 जून 1796 चा, पॅरिसमधला. वडील लाझार कार्नो हे फ्रेंच राज्यक्रांतीतले मोठे नेते, गणितज्ञ आणि इंजिनिअर. पुढे ते काही काळ नेपोलियनचे युद्धमंत्रीही झाले. त्यांना सादी हा फारसी कवी आवडायचा, म्हणून मुलाचं नाव सादी. पाण्यावर चालणारी यंत्रं हा लाझार यांच्या अभ्यासाचा विषय होता. पाणी उंचावरून पडतं तेव्हा त्यातून जास्तीत जास्त काम कसं काढायचं, हा प्रश्न त्या घरात नवा नव्हता.

1812 मध्ये, सोळाव्या वर्षी, सादी पॅरिसच्या एकोल पॉलितेक्निक या नामांकित संस्थेत दाखल झाला. 1814 मध्ये शत्रूसैन्य पॅरिसवर चालून आलं, तेव्हा तो आणि त्याचे वर्गमित्र शहर वाचवायला लढले. नंतर तो लष्करात इंजिनिअर झाला. पण 1815 मध्ये नेपोलियन कायमचा हरला, वडिलांना देश सोडावा लागला आणि कार्नो आडनाव सरकारला नकोसं झालं. सादीच्या वाट्याला किल्ल्यांची पाहणी करण्याची कंटाळवाणी कामं आली. 1819 नंतर त्याने अर्ध्या पगारावर रजा घेतली आणि पॅरिसमध्ये अभ्यास सुरू केला.

धबधबा आणि पंप

तेव्हा वाफेच्या इंजिनात इंग्लंड खूप पुढे होतं आणि फ्रान्स मागे. सगळे जण इंजिनाचे भाग सुधारण्यात गुंतले होते. सादीने वेगळाच प्रश्न विचारला: इंजिन कितीही चांगलं बनवलं, तरी उष्णतेतून काम काढण्याला काही मर्यादा आहे का?

त्याचं उत्तर आपल्याकडच्या माणसाला लगेच पटेल. पावसाळ्यात पोलादपूरहून आंबेनळी घाट चढताना धबधबे दिसतात. पाण्यात किती ताकद आहे, हे दोन गोष्टींवर ठरतं: पाणी किती आणि ते किती उंचावरून पडतं. सादी म्हणाला, उष्णताही तशीच गरम जागेकडून थंड जागेकडे ‘पडते’, आणि इथे उंची म्हणजे दोन तापमानांतला फरक. त्याने पुढची पायरीही मांडली: हे चक्र उलटं फिरवता येतं. बाहेरून काम खर्च केलं, तर उष्णता थंड जागेतून गरम जागेत ‘चढवता’ येते.

हे उलटं चक्र म्हणजेच आपला फ्रीज. फ्रीज थंडी तयार करत नाही. तो आतली उष्णता उपसून बाहेर टाकणारा पंप आहे. विहिरीच्या पंपासारखंच त्याचं बिलही दोन गोष्टींवर ठरतं: उपसायची उष्णता किती आणि ती किती उंच चढवायची.

हे सगळं त्याने 1824 मध्ये एका छोट्या पुस्तकात मांडलं. 600 प्रती छापल्या. जवळजवळ कोणी दखल घेतली नाही. 1828 मध्ये त्याने लष्कर सोडलं. 1832 मध्ये पॅरिसमध्ये कॉलऱ्याची साथ आली आणि 24 ऑगस्टला, अवघ्या 36 व्या वर्षी, सादी गेला. संसर्गाच्या भीतीने त्याच्या वस्तूंबरोबर बरेच कागदही जाळले गेले.

भावाने जपलेली थोडी टिपणं 1878 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. पुस्तकात त्याने उष्णतेला एक न संपणारा द्रव मानलं होतं. ही कल्पना चुकीची होती, आणि हे त्याला स्वतःलाच नंतर लक्षात आलं होतं.

1834 मध्ये क्लापेरॉन या इंजिनिअरने त्याचा विचार गणितात मांडला. योगायोग असा, की त्याच वर्षी लंडनमध्ये जेकब पर्किन्सने बर्फ बनवणाऱ्या कॉम्प्रेसर यंत्राचं पेटंट घेतलं. 1845 मध्ये तरुण विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचा लॉर्ड केल्विन, सादीचं पुस्तक शोधत पॅरिसची दुकानं फिरला. त्याला एकही प्रत मिळाली नाही. पुढे केल्विन आणि क्लाउसियस यांनी तापमानाचं सूत्र पक्कं केलं.

आता मामांचा फ्रीज

सूत्र सोपं आहे. आतल्या कॉइलचं तापमान केल्विनमध्ये घ्या (सेल्सिअसमध्ये 273 मिळवा) आणि त्याला दोन तापमानांतल्या फरकाने भागा. एक युनिट विजेत जास्तीत जास्त किती युनिट उष्णता उपसता येईल, ते मिळतं.

समजा आतली कॉइल उणे 8 अंशांवर आहे आणि बाहेरची 50 वर. फरक 58. 265 भागिले 58 म्हणजे सुमारे 4.6. बाहेरची कॉइल 40 वर आणली तर फरक 48, आणि उत्तर सुमारे 5.5. म्हणजे तेवढ्याच थंडाव्याला सुमारे 17 टक्के कमी वीज. खरा फ्रीज या मर्यादेच्या बराच खाली चालतो, पण फरक कमी केला की फायदा होतो, हा नियम त्यालाही लागू आहे.

मामांच्या फ्रीजची बाहेरची कॉइल खाली, जाळीमागे आहे. जाळीसमोर बिस्किटांची खोकी, आत पिठाची धूळ. मागून निघणारी गरम हवा तीन भिंती आणि पोटमाळ्यात अडकून परत त्याच कॉइलवर येत होती. पुरातून वाचवायला बांधलेल्या कोनाड्यात फ्रीज स्वतःच्याच गरम हवेत गुदमरत होता.

ओटा मोडायचा प्रश्नच नव्हता; पुन्हा पाणी येणार नाही असं महाडमध्ये कोण म्हणेल? आम्ही फ्रीज मागच्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढला, वरच्या दोन फळ्या काढल्या, खोकी हलवली, प्लग काढून ब्रशने कॉइल साफ केली. दाराचं रबर एका कोपऱ्यात फाटलं होतं, ते बदललं. तिथून गरम दमट हवा आत शिरत होती, म्हणजे उपसायची उष्णताच वाढत होती. मॉलमधल्या बिनदाराच्या थंड शेल्फचं दुखणंही हेच: थंड हवा सांडते आणि दुकानातली गरम हवा आत येते. म्हणून तिथे काचेची दारं, रात्री पडदे आणि कमी तापणारे एलईडी दिवे लावतात.

आता मामांच्या फ्रीजचा कॉम्प्रेसर दुपारीही अधूनमधून बंद होतो. आलेखात आतलं तापमान 5-6 अंशांवर दिसतं आणि दूध संध्याकाळपर्यंत टिकतं. माझा सेन्सर तिथेच आहे. मामा तो फारसा बघत नाहीत, पण जाळीसमोर कोणी खोकं ठेवलं की लगेच ओरडतात.

तुमच्या घरी किंवा ओळखीच्या दुकानात फ्रीज असेल तर आज तीन गोष्टी बघा: कॉइलवर धूळ आहे का, गरम हवेला बाहेर पडायला वाट आहे का, आणि दारात कागद अडकवून ओढल्यावर तो सहज निसटतो का. निसटला, तर रबर बदलायची वेळ आली आहे.